तारेचा काय दोष?

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. रहाटणीतील एका शाळेच्या संगणक कक्षात बारा संगणक आहेत. सुट्टीत त्या सर्वांवर कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची, नवी आवृत्ती बसवण्यात आली होती. सकाळी कक्ष उघडला तेव्हा आठ संगणक नेहमीप्रमाणे जाळ्याशी जोडले गेले. उरलेले चार मात्र 'जोडणी नाही' एवढेच सांगत राहिले. मुलांचे परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि मुदत संपायला तीनच दिवस उरले होते.

चौकशी सुरू झाली, आणि अशा वेळी जे होते तेच झाले. सुट्टीत कक्ष झाडून-पुसून घेणाऱ्या मावशींवर पहिला संशय गेला. झाडताना वायर ओढली गेली असणार, असे सर्वांचे मत पडले. "मी टेबलामागं हातसुद्धा घातला नाही," असे मावशी सांगत होत्या, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. दुपारपर्यंत सगळ्या कक्षाची केबल नव्याने टाकून घेण्याची भाषा सुरू झाली. त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी मला बोलावून घेतले.

तिथे काय सापडले ते पुढे सांगतो. आधी एक प्रश्न. सुट्टीत बदलली होती ती कार्यप्रणाली. तार होती तिथेच होती. मग सगळ्यांचा संशय तारेवर, आणि तारेजवळ वावरलेल्या माणसावर का गेला? या सवयीमागे इतिहास आहे. तो समजला तर बिघाड शोधण्याची रीतही समजते.

हवेतून तारेत

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केले. बेटाबेटांवरची टर्मिनले मुख्य संगणकाशी जोडायची होती. समुद्रातून तारा नेण्याऐवजी त्यांनी रेडिओलहरी वापरल्या. नियम साधा होता. निरोप तयार झाला की पाठवून द्यायचा. पोच आली नाही, तर वाटेत दुसऱ्याच्या निरोपाशी टक्कर झाली असे समजायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. हा 'थोडा वेळ' प्रत्येकाने यदृच्छेने निवडायचा, नाहीतर दोघांची पुन्हा टक्कर ठरलेलीच. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच उपयोगी पडतो, असे गणिताने दाखवता येते.

ही कल्पना कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी उचलली. तिथे 'आल्टो' नावाचे छोटे संगणक तयार होत होते. ते एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ च्या टिपणात मेटकाफ यांनी या जोडणीला 'ईथरनेट' असे नाव दिले. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ईथर चांगलाच परिचयाचा आहे. प्रकाश वाहून नेणारे, सर्वत्र पसरलेले ते कल्पित माध्यम १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगात काही सापडले नाही. भौतिकशास्त्राने टाकून दिलेला हा शब्द संगणकशास्त्राने उचलून तारेला दिला.

मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी अलोहाच्या नियमात सुधारणा केली. शिक्षकांच्या सभेत आपण काय करतो? दुसरा बोलत असला तर थांबतो. दोघे एकदम बोलू लागले तर दोघेही गप्प होतात आणि थोड्या वेळाने त्यांपैकी एक जण सुरुवात करतो. ईथरनेटमधील संगणकांना हीच शिस्त लावली गेली. पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला सुमारे २९ लाख ४० हजार बिट होता. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी सेकंदाला १ कोटी बिट वेगाचे प्रमाण जाहीर केले. १९८३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेची मान्यता मिळाली.

आता त्या तारेकडे वळू. सुरुवातीची तार बोटाएवढी जाड असे. एका सलग तुकड्याची लांबी ५०० मीटरपर्यंत चाले. नंतर आलेल्या पातळ तारेची मर्यादा १८५ मीटर होती. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी फिरवलेली असे. माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा एकेक रोध बसवावा लागे.

हा रोध कशासाठी? दोरीचे एक टोक भिंतीला बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. लाट भिंतीपर्यंत जाऊन परत येते. विद्युत स्पंदही तारेच्या उघड्या टोकावरून असाच परततो आणि मागून येणाऱ्या स्पंदांत मिसळून निरोप बिघडवतो. टोकाचा योग्य रोध त्या स्पंदाची ऊर्जा शोषून घेतो, म्हणून काहीच परत येत नाही. मात्र हा रोध निघाला, किंवा मधला एखादा जोड सैल झाला, की त्या माळेतले सगळेच संगणक बंद पडत.

म्हणजे झाडताना लागलेल्या एका धक्क्याने अख्खा मजला बंद पडण्याचा एक काळ खरोखरच होता. त्या काळी तारेवर संशय घेणे शहाणपणाचे होते. मावशींवरचा संशय हा त्या काळाचा वारसा आहे.

१९९० साली प्रमाण ठरलेल्या नव्या पद्धतीने हे चित्र बदलले. प्रत्येक संगणकाला मधल्या पेटीपर्यंत स्वतःची वेगळी केबल मिळाली. लांबीची मर्यादा १०० मीटर. केबलच्या आत तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या असतात. त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि घेणारे यंत्र दोन तारांमधला फरकच मोजत असल्याने तो वजा होऊन जातो. या पद्धतीत एक केबल निघाली तर एकच संगणक तुटतो.

आणखी एक सोय झाली. निरोप नसतानाही दोन्ही टोके सुमारे १६ मिलिसेकंदांनी एकेक बारीक स्पंद पाठवून 'मी आहे' असे कळवू लागली. हे स्पंद पोचत असले की जोडणीपाशी छोटा दिवा लागतो. पुढच्या वेगवान पद्धतींत या खुणेची तऱ्हा बदलली, पण दिवा राहिला. तार आपल्या बाजूने साक्ष देऊ लागली ती तेव्हापासून.

दोन पत्ते

तार ठीक असली तरी निरोप कोणाला द्यायचा हे कळावे लागते. इथे मुंबईत शिकलेल्या एका अभियंत्याचे नाव येते. योगेन दलाल १९७२ साली मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेले. डिसेंबर १९७४ मध्ये व्हिंटन सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांनी एक तांत्रिक दस्तऐवज लिहिला. वेगवेगळी जाळी एकमेकांशी कशी बोलतील याचे नियम त्यात होते, आणि त्याच्या शीर्षकातच 'इंटरनेट' हा शब्द होता. नंतर दलाल झेरॉक्समध्ये ईथरनेटवर काम करू लागले. १९८१ मध्ये त्यांनी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासह एक निबंध लिहून ४८ बिटांच्या कायम क्रमांकाचा पुरस्कार केला.

कल्पना अशी. जगातील प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक द्यायचा. तो दुसऱ्या कोणाचाही नसावा, आणि यंत्र कोणत्याही गावी नेले तरी बदलू नये. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक बसतात. पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिलेले असतात, उरलेले २४ तो आपल्या मालाला देतो. आज शाळेतल्या प्रत्येक जाळे-कार्डावर असा क्रमांक असतो.

पण त्यावरून ते यंत्र कुठे आहे ते कळत नाही. माणसाचे नाव ठाऊक असले तरी टपालासाठी गाव आणि पिनकोड लागतोच. तसा दुसरा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. तो जागेप्रमाणे बदलतो. जगभर वापरात आलेल्या त्याच्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असून चार संख्यांत लिहितात. १९९३ पासून तो आपोआप वाटून देण्याची पद्धत प्रमाण झाली. नवा संगणक जोडला की 'मला पत्ता द्या' अशी हाक देतो, आणि जाळ्यातले एक नेमलेले यंत्र त्याला पत्ता देते. कोणीच उत्तर दिले नाही तर संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता स्वतःच घेतो. २००५ मध्ये हा संकेतही प्रमाण म्हणून नोंदला गेला. त्यामुळे पडद्यावर १६९.२५४ दिसले की समजावे, हाकेला ओ मिळालेली नाही.

ओ मिळते की नाही हे तपासण्याचे साधनही या काळातले. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी जाळ्याचे विचित्र वागणे तपासण्यासाठी 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी सोनार ध्वनीचा स्पंद सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. तो आवाज हेच त्याचे नाव झाले.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १९८३ रोजी, अमेरिकेतील 'अर्पानेट' या जाळ्याने जुने नियम सोडून आजचे इंटरनेटचे नियम स्वीकारले. ज्या यंत्रांवर नवी आज्ञावली बसलेली नव्हती, त्यांतील काहींना थोडी मुदत मिळाली. बाकीची तुटली. तारा मात्र जागच्या जागी होत्या. रहाटणीत घडलेल्या प्रकाराचा हा फार मोठा पूर्वज.

आपल्याकडे १९८६ मध्ये 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी यांचा सहभाग होता. सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

मधला दुभाष्या

एका बाजूला तार आणि कार्ड, दुसऱ्या बाजूला पत्ते आणि निरोप. या दोहोंच्या मध्ये कोण असते? कार्यप्रणाली म्हणते, 'हे पाकीट पाठव.' प्रत्येक उत्पादकाच्या कार्डाची भाषा निराळी. एकाला अमुक जागी अमुक आकडा लिहावा लागतो, दुसऱ्याला दुसरीकडे. कार्यप्रणालीची आज्ञा त्या कार्डाच्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आपण त्याला दुभाष्या म्हणू.

सुरुवातीला जाळ्याचा प्रत्येक प्रोग्रॅम प्रत्येक कार्डासाठी आपापला दुभाष्या बाळगत असे. कार्डे ५ प्रकारची आणि प्रोग्रॅम ४ असतील तर ५ × ४ म्हणजे २० दुभाषे लागत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस थ्रीकॉम आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मधली एक सामाईक बोली ठरवली. आता प्रत्येक कार्डाने आणि प्रत्येक प्रोग्रॅमने त्या एका बोलीशी जुळवून घ्यायचे. ५ + ४ म्हणजे ९ जुळण्यांत काम भागू लागले. बेरीज आणि गुणाकार यांतला फरक व्यवहारात किती मोठा असतो, हे वर्गात सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

मात्र कार्यप्रणालीची आवृत्ती बदलते तेव्हा ही मधली बोलीही थोडी बदलू शकते. जुन्या दुभाष्याला नवे शब्द कळत नाहीत. कधी नवी आवृत्ती त्याला बाजूला सारून आपल्याकडचा सर्वसाधारण दुभाष्या बसवते. त्याला त्या कार्डाच्या खास लकबी माहीत असतातच असे नाही. कधी भाषा तीच राहते, पण नाव बदलते. लिनक्समध्ये पूर्वी पहिल्या जाळे-कार्डाला 'ईटीएच शून्य' म्हणत. २०१३ मध्ये कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत सुरू झाली. ज्यांच्या जुन्या नोंदींत पहिले नाव लिहिलेले होते, त्यांचा संगणक आवृत्ती बदलल्यावर त्या नावाचे कार्ड शोधत बसे. कार्ड समोरच असे, फक्त त्याच्या दारावरची पाटी बदललेली असे.

पहिला संशय चुकतो तेव्हा

अशा शोधात घाईने निष्कर्ष काढला तर काय होते याचे एक नमुनेदार उदाहरण २००८ सालचे आहे. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत होती. ती वापरून पाहणाऱ्या काही जणांची इंटेल कंपनीची जाळे-कार्डे निकामी झाली. जुनी आवृत्ती परत बसवली तरी ती चालेनात. कार्डाचा क्रमांक आणि त्याची मांडणी ज्या कायम स्मृतीत साठवलेली असते, तीच विस्कटून गेली होती. नुसत्या प्रोग्रॅमने यंत्राच्या अंगालाच इजा केली होती.

संशय अर्थातच त्या कार्डाच्या दुभाष्यावर गेला. आठवडे शोध चालला. शेवटी दोषी निघाले ते जाळ्याशी काहीही संबंध नसलेले एक साधन. चालू प्रोग्रॅमचा माग ठेवण्यासाठी ते स्मृतीतल्या सूचना जागच्या जागी बदलत असे. ज्या पत्त्यावर पूर्वी एक प्रोग्रॅम होता तो निघून गेला होता, आणि तोच पत्ता आता कार्डाच्या स्मृतीकडे नेत होता. साधन मात्र जुन्याच समजुतीने तिथे लिहीत राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये ते बंद ठेवण्यात आले आणि कार्डाच्या स्मृतीलाही संरक्षण दिले गेले. दुभाष्या निर्दोष होता. घटनेच्या जागी तो हजर होता, एवढाच त्याचा अपराध.

रहाटणीत काय सापडले

गावाच्या नावातच रहाट ऐकू येतो. रहाटातून पाणी आले नाही तर जाणता शेतकरी विहीर नव्याने खणायला घेत नाही. विहिरीत पाणी आहे का, माळ शाबूत आहे का, गाडगी फुटली आहेत का, हे तो क्रमाने पाहतो. आम्हीही तसेच केले.

पहिला थर तारेचा. चारही संगणकांच्या मागचे दिवे लागलेले होते आणि मधल्या पेटीवरचेही. पण दिवा ही अपुरी साक्ष आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, आणि एखादी जोडी अधू असतानाही दिवा लागू शकतो. म्हणून अदलाबदल केली. चालू संगणकाची केबल बंद संगणकाला लावली, तर तो बंदच राहिला. बंद संगणकाची केबल चालू संगणकाला लावली, तर तो चालूच राहिला. चारही केबली अशा तपासल्या. दोष केबलबरोबर हलला नाही, संगणकापाशीच राहिला. तार आणि पेटी, दोन्ही सुटल्या.

दुसरा थर पत्त्यांचा. १२७.०.०.१ या पत्त्यावर पिंग केले. हा संगणकाचा स्वतःला हाक मारण्याचा पत्ता. उत्तर आले, म्हणजे निरोपांचे नियम सांभाळणारा प्रोग्रॅम जागा होता. चौघांचे आयपी पत्ते पाहिले. सगळे १६९.२५४ ने सुरू होणारे. म्हणजे हाक एकतर बाहेर पडत नव्हती किंवा तिचे उत्तर आत येत नव्हते.

उरला मधला दुभाष्या. इथे सर्वांत उपयोगी पडला तो एक साधा प्रश्न: या चौघांत असे काय सारखे आहे, जे उरलेल्या आठांत नाही? शाळेच्या जडसंग्रह वहीत उत्तर मिळाले. हे चार संगणक वेगळ्या वर्षी खरेदी केलेले होते आणि त्यांतली जाळे-कार्डे दुसऱ्या बनावटीची होती. नव्या आवृत्तीने त्यांच्यावर आपला सर्वसाधारण दुभाष्या बसवला होता. कार्डाच्या उत्पादकाने नव्या आवृत्तीसाठी दिलेला ड्रायव्हर हवा होता, आणि तो मिळवायला जाळेच लागते! चालू संगणकावर तो उतरवून पेनड्राइव्हने चौघांकडे नेला. पहिल्या संगणकाला काही सेकंदांत खरा पत्ता मिळाला. संध्याकाळपर्यंत बाराही संगणक चालू झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांतला एक पुन्हा रुसला. कार्यप्रणालीने रात्रीत स्वतःला अद्ययावत करताना आपला दुभाष्या परत आणून बसवला होता. तसे करू नये, अशी सूचना तिला द्यावी लागली. नव्या केबलचा खर्च टळला आणि अर्ज मुदतीत गेले.

मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावून सांगितले, की वायर ठीकच होती. मावशी म्हणाल्या, "मी सोमवारीच सांगितलं होतं."

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या मुलांचे तीन गट करा. पहिला गट 'तार', दुसरा 'दुभाष्या', तिसरा 'पत्ता'. एका संगणकात शिक्षकांनी गुपचूप एक बिघाड करून ठेवावा: केबल सैल करणे, ड्रायव्हर बंद करणे किंवा हाताने चुकीचा पत्ता लिहिणे. प्रत्येक गटाने फक्त आपल्या थराची चाचणी घ्यावी आणि काय पाहिले ते वहीत लिहावे. काय वाटते ते लिहू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेत एक चल बदलताना बाकीचे स्थिर ठेवतो, तोच हा नियम. तिन्ही वह्या एकत्र वाचल्यावरच निष्कर्ष काढावा.

आणि एक अट घालावी. चाचणी पुरी होईपर्यंत कोणाचेही नाव घ्यायचे नाही. केबलची अदलाबदल करायला पाच मिनिटे लागतात. रहाटणीच्या त्या शाळेत सोमवारी सकाळी ती पाच मिनिटे कोणी काढली असती, तर मावशींचा दिवस वेगळा गेला असता.